लुगडे, गोधडी, पायपुसणे

पुण्याहून नगरच्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर गेले म्हणजे भीमेच्या काठी कोरेगाव लागते. हे नाव उच्चारताच सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढे एकच तारीख उभी राहते, ती १ जानेवारी १८१८ ही होय. शिरूरच्या छावणीतून रातोरात चालून आलेली कॅप्टन स्टाँटनची सुमारे आठशेंची तुकडी, भीमेपलीकडे पसरलेले बाजीरावाचे सैन्य, गावातल्या गल्ल्यांतून व घराघरांतून दिवसभर चाललेली झुंज आणि पुढे नदीच्या दुसऱ्या काठी पेरण्याच्या हद्दीत उभारलेला तो स्तंभ, एवढे सर्वांस ठाऊक असते. त्या स्तंभावर कोरलेल्या नावांत महार शिपायांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले, तेव्हापासून त्या स्थळास एक निराळेच महत्त्व प्राप्त झाले. हा सर्व इतिहास मोलाचा आहे व तो पुष्कळांनी लिहिला आहे. परंतु लढाई घराघरांत झाली असे वाचताना माझ्या मनात नेहमी एक वेडगळ शंका येते. मार्गशीर्षातली ती थंडी! भीमेकाठची रात्र! घर सोडून निघालेल्या बायामाणसांनी पोरांभोवती काय गुंडाळले असेल? लढाईच्या वर्णनांत तोफा मोजलेल्या असतात. वाकळी कोणी मोजीत नाही.

मी इतिहासाचा अध्यापक असल्यामुळे हा दोष प्रथम माझ्या पदरी घेतो. आम्हां लोकांची सारी भिस्त दफ्तरांवर. पुण्यातील पेशवे दफ्तर हे मराठ्यांच्या इतिहासाचे केवढे भांडार आहे, हे सांगावयास नको. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत त्यातून निवडून पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. ते कागद कशात बांधून ठेवलेले असतात? रुमालांत. अमुक रुमाल, तमुक पुडके, अशीच आमची भाषा. राज्याचा जमाखर्च ज्या फडक्यात बांधला, ते फडके सोडून बाजूस सारावे व आतले तेवढे वाचावे, अशी आमची शिस्त. बाजूस सारलेल्या फडक्यालाही काही सांगावयाचे असेल, हे आमच्या गावीही नसते.

याला एक सन्माननीय अपवाद आहे आणि तो नेमका याच टापूतला आहे. कोरेगावच्या अलीकडे, पुण्याच्या बाजूस, लोणीकंद म्हणून गाव आहे. पेशवाई बुडाल्यावर लागलीच डॉ. टॉमस कोट्स या इंग्रज वैद्याने या गावाची बारकाईने पाहणी करून शेती, घरे, अन्न, वस्त्रे व रीतिरिवाज यांचे वर्णन लिहिले. ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत १८२३ साली छापले गेले. सव्वाशे वर्षांनंतर समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी करविली व दोन्ही काळांची तुलना करणारे पुस्तक १९६० साली प्रसिद्ध केले. राजे आणि लढाया सोडून कुणब्याच्या अंगावर काय आहे हे पाहण्याची बुद्धी परक्या वैद्यास व्हावी, याची आम्हांस लाज वाटावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखात मी त्याच वाटेने थोडे चालणार आहे. वस्तू अगदी क्षुद्र आहे. लुगडे फाटले म्हणजे त्याचे पुढे काय होते, एवढाच प्रश्न.

आपल्या जुन्या पेहरावाचे एक वैशिष्ट्य येथे आधी ध्यानात घेतले पाहिजे. लुगडे, धोतर, पागोटे, उपरणे ही सर्व वस्त्रे न कापलेली. मागावरून जसे उतरले तसे अंगाला लागले. शिंप्याची कात्री लागे ती मुख्यत्वे चोळीच्या खणाला आणि अंगरख्या-बंडीला. म्हणून आपल्याकडे चिंधी ही कापण्यातून थोडी व झिजण्यातून फार निघे. ज्याला आज कात्रण म्हणतात तो माल खेड्यात पूर्वी जवळजवळ नव्हताच. होते ते जीर्ण वस्त्र. आणि जीर्ण होण्याचीही एक रीत असे. नऊवारी लुगडे प्रथम मध्ये विरते. पदर व काठ शाबूत राहतात. मग गृहिणी विरलेला भाग काढून टाकून धड तुकडे एकमेकांस जोडी; यास दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडे नेसून चारचौघींत जाण्यास संकोच वाटे, पण शेतात, चुलीपुढे ते वर्षदीड वर्ष सहज निघे. दंडही विरला की लुगडे गोधडीवर चढे. गोधडीचा वरचा पदर विटला, की त्याच्यावर नवे जुनेर चढवून आधीचे पोटात जाई. पोटात जाण्यासारखेही जे नसे त्याची बाळाची दुपटी, भांडे उतरावयाची चिंधी, दिव्याचा काकडा. आणि सर्वांच्या शेवटी पोतेरे. जमीन सारवता सारवता शेणामातीत त्याचा शेवट होई.

हा क्रम आमच्या आज्यापणज्यांनी शोधून काढला असे मात्र कोणी समजू नये. बौद्धांच्या विनयपिटकात, चुल्लवग्गात, एक मोठी गमतीची कथा आहे. उदयन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंद भिक्षूस पाचशे वस्त्रे दान दिली. राजास शंका आली, की संन्यासी मनुष्य एवढी वस्त्रे घेऊन करणार काय? दुकान का मांडणार? त्याने जाऊन विचारले. आनंदाने उत्तर दिले, की ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांस वाटीन. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे काय? त्यांच्या गाद्यांच्या खोळी. खोळी जुन्या झाल्या म्हणजे? जमिनीवर अंथरावयास. ती जुनी झाली म्हणजे? पायपुसणी. आणि पायपुसणीही जुनी झाली म्हणजे? झटकणी, आणि तीही झिजली, की कुटून, चिखलात तुडवून, त्याने जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. पण लुगड्यापासून पोतेऱ्यापर्यंतचा आमच्या घरातला जिना आणि आनंदाचा जिना यांत एका पायरीचाही फरक नाही म्हटले तरी चालेल. भिक्षूंचे चीवरही तुकडे जोडूनच करावयाचे. मगधातल्या बांधबंदिस्तीच्या शेतांसारखी त्याची आखणी असावी, अशी बुद्धांची आज्ञा होती.

वाकळ या शब्दाचे नाते वल्कलाशी जोडतात. संस्कृतात कंथा आहे. ती नाथपंथी जोग्यांच्या अंगावर दिसते आणि बंगालात तिच्यावर सुईने फुलपाखरे काढतात. आमच्याकडे गोधडीला असली कुसर फारशी लाभली नाही. चैत्र-वैशाखात शेतीची कामे उरकली म्हणजे ओसरीत किंवा अंगणात खालचे अखंड लुगडे ताणून अंथरावे, त्यावर जुनेरांचे थर सुरकुती न पडता बसवावे, वरती शाबूत कापड घालावे, आणि दोघी-तिघींनी कडेपासून धावदोरा घालीत आत आत यावे. दोरा जाड, सुई लांब. टाके समांतर; चौकटीत चौकट अशी मध्यापर्यंत. कडेने सुरुवात करण्यात खुबी आहे; मधूनच आरंभ केला तर थर सरकतात व एका कोपऱ्यात गोळा होतात. उत्तर कानड्यात यल्लापूर-हल्याळकडे राहणाऱ्या सिद्दी लोकांच्या बायका अशीच कवंदी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. घरात कोंकणी बोलतात. कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर त्या दुमडलेल्या तुकड्यांची फुले बसवितात, आणि फुलाविना कवंदी ही उघडी होय, असे मानतात. आमच्याकडच्या बायकाही गोधडीचा कोपरा मोकळा सोडीत नाहीत, निदान वेगळ्या रंगाचा एखादा त्रिकोणी तुकडा तरी लावतात.

गोधडी धुण्याचाही एक दिवस असे. भाद्रपद सरत आला, घटस्थापना जवळ आली, की घरातले अंथरूण-पांघरूण नदीवर निघे. भीमेकाठच्या गावांतून हा देखावा मी लहानपणी पाहिला आहे. भिजलेली गोधडी एकटीच्या हाताला उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून पिळावी लागते. नंतर त्या काठावरच्या खडकांवर पसरल्या, की कोणत्या घरात या वर्षी काय फाटले याची जाहीर यादीच गावापुढे मांडली जाई.

असे लिहिताना आपल्या लेखणीला गोडवा चढतो आणि तेथेच सावध राहावयास हवे. गोधडी ही मायेची वस्तू खरी, पण कोणाच्या कापडाची, हा प्रश्न विचारल्यावाचून तिचा इतिहास पुरा होत नाही. आपले स्वतःचे लुगडे झिजवून त्याची गोधडी करणे निराळे, आणि दुसऱ्याने टाकलेले चिरगुट हक्क म्हणून पदरात पडणे निराळे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे ल्यावी असे सांगितले आहे. आणि आमच्या खेड्यांतून प्रेतावरचे कापड हा महारांच्या बलुत्यातला एक हक्क मानला जाई. ज्या जमातीची नावे पेरण्याच्या स्तंभावर दगडात कोरली गेली, तिच्या घरातली वाकळ कोणत्या कापडाची होती, हे यावरून ताडता येते. कोरेगावास भेट दिली त्याच वर्षी, म्हणजे १९२७ च्या डिसेंबरात, महाडास भरलेल्या परिषदेच्या वेळी आंबेडकरांनी स्त्रियांपुढे मुद्दाम वेगळे भाषण केले आणि त्यात लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकावे, हे सांगितले. राजकारणाच्या धामधुमीत हा विषय त्यांना किरकोळ वाटला नाही. वस्त्र ही जात ओळखण्याची खूण आहे, हे ते पुरते जाणून होते. विदर्भातील गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) उलट मार्ग धरला. चिंध्यांचेच वस्त्र त्यांनी हौसेने अंगावर घेतले. लोक त्यांना गोधडे महाराज, चिंधेबुवा म्हणू लागले. एकाने चिंधी टाकावयास सांगितली, दुसऱ्याने ती अंगावर मिरविली. दोघांचाही रोख एकाच ठिकाणी होता.

आता अर्थकारणाकडे वळू. सर्वसाधारण समजूत अशी आहे, की गिरण्यांचे स्वस्त कापड आले आणि गोधडीचे दिवस सरले. मला हे पटत नाही. पेशवाईबरोबर दरबाराची मागणी सरून पुण्याच्या आसपासच्या विणकरांचे हाल झाले, विलायती सूत व कापड खेड्यापर्यंत पोहोचले, १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईस गिरणीचा पाया घातला, आगगाडी १८६० पर्यंत दौंडावरून सोलापुरास गेली, तेथेही १८७७ साली गिरणी निघाली. या सर्वांचा परिणाम असा झाला, की कापड पुष्कळ झाले, पण पातळ झाले. हातमागाचे जाडेभरडे लुगडे जितकी वर्षे निघे, तितकी गिरणीचे निघेना. घरात जुनेर वाढले. त्यातच १८५१ साली सिंगरने ज्याचे पेटंट घेतले ते शिवणयंत्र हळूहळू तालुक्याच्या बाजारात व मग गावच्या चावडीशेजारी येऊन बसले. सदरे, पोलकी, परकर, झबली यांची चाल पडली, आणि शिंप्याच्या पायापाशी रंगीबेरंगी कात्रणांचा ढीग साचू लागला. लहान लहान चौकोनांची, चिटाच्या ठिकऱ्यांची जी चित्रविचित्र गोधडी आपण अस्सल जुनी म्हणून कौतुकाने पाहतो, ती माझ्या मते शिवणयंत्राची लेक आहे. खरी जुनी वाकळ बहुधा दोन-तीन रंगांचीच असावी.

स्वस्ताई आली म्हणून कुणब्याला ऊब विकत घेता आली असेही नव्हे. याच भीमथडीत, सुपे येथे, १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जखते जाळली, हे प्रसिद्ध आहे. दंग्याची धग शिरूर तालुक्यातही पोहोचली. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ. जप्तीचा बेलिफ दारात आला म्हणजे घरातली कोणती वस्तू उचलावी व कोणती उचलू नये, हा त्या काळच्या माणसाला जन्ममरणाचा प्रश्न होता. १९०८ च्या दिवाणी कायद्याचे साठावे कलम ज्यांनी वाचले असेल त्यांना आठवेल: ऋणकोचे व त्याच्या बायकामुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती आणता येत नाही. कायद्याच्या त्या रुक्ष भाषेत शिरलेली आमच्या गोधडीची ही एवढीच नोंद मला माहीत आहे. पण ती काही लहान नाही. सर्व गेले तरी जे राहू द्यावे, त्यात तिची गणना आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात कापडाची एवढी टंचाई झाली, की सरकारास १९४३ साली कापड-सुतावर नियंत्रण घालावे लागले. त्या दिवसांत पुण्यासारख्या शहरातल्या पांढरपेशा घरांतूनही दंडाची लुगडी पुन्हा दिसू लागली, असे वडील मंडळी सांगत.

येथे एक कबुली दिली पाहिजे. माझी आजी १९८८ साली वारली. तिच्या माळ्यावर एक गाठोडे होते. मऊसूत झालेली सुती लुगडी, रंगांप्रमाणे घडी घालून, पुढच्या गोधडीसाठी तिने निवडून ठेवली होती. मी तेव्हा महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय वाचीत होतो. कार्लाइलचा वस्त्रांवरचा तो ग्रंथ, ज्याच्या नावाचाच अर्थ ‘पुन्हा शिवलेला शिंपी’ असा आहे, तो मला नेमलेला होता व त्यावर मी पानेच्या पाने टिपणे काढली होती. आणि त्याच आठवड्यात बोहारीण दारावर आली तेव्हा ते गाठोडे मी स्वतः तिच्यापुढे सोडले. तिने एकेक लुगडे उजेडात धरून पाहिले, निम्मी नाके मुरडून बाजूला टाकली, आणि सर्वांचे मिळून स्टीलचे एक पातेले दिले. आजीने शिवलेली शेवटची गोधडी पुढे घर रंगविताना रंगाऱ्याच्या शिडीखाली अंथरली गेली. पातेले अजून घरात आहे. दूध तापविण्याच्या कामी येते.

माझ्यासारख्यांनी केले ते असे. परंतु गोधडी मागे पडली ती केवळ आमच्या अनास्थेमुळे नव्हे. कापडच बदलले. नायलॉन व पॉलिएस्टरचे पातळ लवकर विरत नाही, घाम शोषीत नाही आणि सुईखाली थर धरून राहत नाही. त्याची गोधडी अंगावरून घसरते व उन्हाळ्यात चिकटते. दुसऱ्या बाजूने सोलापुरी चादर आली आणि तिच्यामागून पानिपतचे ब्लँकेट आले. या ब्लँकेटाची जातकुळी पाहावी तो तीही चिंधीचीच निघते. इंग्लंडात बॅटली येथे १८१३ साली बेंजामिन लॉ याने लोकरीच्या जुन्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याची युक्ती काढली. तोच धंदा पुढे पानिपतात येऊन बसला, आणि पाश्चात्त्य देशांतले टाकाऊ लोकरी कपडे तेथे पिंजले जाऊन आमच्या आठवड्याच्या बाजारात ब्लँकेट म्हणून येऊ लागले. आमची चिंधी घरातून गेली आणि तिच्या जागी साहेबाची चिंधी पांघरावयास आली.

मग घरात साचणाऱ्या पॉलिएस्टरच्या पातळांचे करावयाचे काय? याचे उत्तर बायकांनी शोधले ते पायपुसण्यात, आणि त्यासाठी हत्यार उचलले ते परदेशी. क्रोशा हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ लहानसा आकडा. एकोणिसाव्या शतकात ही कला युरोपात घरोघर पसरली. आयर्लंडात बटाट्याच्या दुष्काळात कित्येक कुटुंबे क्रोशाची लेस विणून जगली. मिशनरी बायकांबरोबर ती इकडे आली. आंध्रात नरसापूर येथे तिचा मोठा धंदाच झाला. आमच्या जिल्ह्यातही, दौंड तालुक्यात केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रियांसाठी मुक्ती सदन उभारले, तेव्हा विणकाम व शिवण यांना पोटापाण्याच्या शिक्षणात स्थान दिले. पांढरपेशा घरांत मात्र क्रोशाचे रूप निराळे झाले: रुखवतातली तोरणे, रेडिओवरचे झाकण, पाण्याच्या तांब्यावरची जाळी. पांढऱ्या दोऱ्याची ती नाजूक सुई जाऊन बोटाएवढी जाड सुई आली आणि दोऱ्याच्या जागी पातळाची पट्टी आली, तेव्हा ही कला पुन्हा खऱ्या कामाला लागली.

रीत सोपी दिसते. पातळ उभे फाडून दोन बोटे रुंदीच्या लांब पट्ट्या काढावयाच्या, एकीला दुसरी जोडून गुंडा करावयाचा, चार-पाच साखळ्यांचे कडे करून त्याच्याभोवती मुके खांब घालीत फेऱ्या वाढवावयाच्या. पण दर फेरीत टाके किती वाढवावे याचा अंदाज हाताला लागतो. कमी वाढविले तर पायपुसणे वाटीसारखे वळते. अधिक झाले तर कडेला झालर सुटते व ते जमिनीला टेकत नाही. सुती पट्टी असली तर पाणी शोषते पण सुकत नाही; पॉलिएस्टरची लवकर सुकते व वर्षानुवर्षे झिजत नाही. गोधडीला जे कापड नालायक ठरले, तेच येथे उत्तम ठरले. आनंदाच्या जिन्यातल्या मधल्या पायऱ्या गळाल्या आणि लुगडे एकदम पायपुसण्यावर उतरले.

गेल्या वर्षी कोरेगावास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. नगर रस्त्याच्या कडेने कारखाने झाले आहेत. तोही त्यांतल्याच एकात नोकरीस आहे. घर नवे, फरशीचे. दारात एक मोठे वाटोळे पायपुसणे होते. मध्ये गर्द जांभळा, भोवती पिवळा, मग हिरव्याच्या दोन फेऱ्या, कडेला काळा. त्याच्या आईने केलेले. मी विचारले, तशा त्या माउलीने पदराने तोंड पुसत एकेका फेरीवर बोट ठेवून सांगितले: हे माझ्या सासूबाईंचे, त्यांना शेवटी कोणीतरी आहेरात दिलेले, त्या नेसल्याच नाहीत, हे थोरलीच्या लग्नातले, ही दोन हिरवी, एक माझे, एक जावेचे, दोघींनी एकदमच घेतली होती, आणि काळे म्हणजे परकराचे उरलेले. तारीख एकाही फेरीला नव्हती. पण कोणती फेरी कोणाच्या आधी, याविषयी त्यांना क्षणभरही शंका पडली नाही. माझ्या हातून इतकी वर्षे गेलेल्या रुमालांपैकी किती रुमाल मला असे वाचता आले, कोण जाणे.

मी जोडा काढला आणि तसाच घुटमळलो. त्या जांभळ्यावर पाय ठेववेना. त्यांच्या ते ध्यानात आले. त्या म्हणाल्या, “पुसा की सर. पाय पुसायलाच केलंय ते.”